इस्कोट

माझे वडील विनोदी होते. हे आधीच सांगून टाकते, कारण त्यांना ओळखणारं कुणीही तुम्हाला पहिल्यांदा हेच सांगेल. लोणी भापकरच्या आमच्या भागात लग्नाची पंगत असो, डेअरीवर दूध घालायला लागलेली रांग असो, लोक त्यांच्या शेजारची जागा धरायचे. तात्या आले म्हटलं की त्यांनी तोंड उघडायच्या आधीच माणसं हसायला लागायची. त्यांनी मला आयुष्यात एकदाही मारलं नाही. एक चापटसुद्धा नाही. लोक हेही सांगतील, आणि तेही खरं आहे.

मी सहा वर्षांची होते तेव्हा आमच्या डाळिंबाला पहिला मोठा बहार आला होता. बाग बघायला व्यापारी आला. तो ओट्यावर खुर्चीत बसला होता, आजूबाजूला गावातली चार-सहा माणसं. तात्यांनी मला आतून हाक मारली आणि नमुन्याची फळं ताटात घालून आणायला सांगितली. ताट माझ्या छातीएवढं रुंद. उंबऱ्याला पाय अडकला आणि मी ताटासकट पडले. फळं माणसांच्या चपलांमधून गडगडत गेली. एक फुटलं आणि त्याचा लाल रस व्यापाऱ्याच्या पांढऱ्या पायजम्यावर उडाला.

तात्यांनी माझ्याकडं बघितलं, मग व्यापाऱ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "शेठ, ह्यो आमचा इस्कोट. हिला बी गाडीत घालून न्या. बाजारात समद्यांचा माल फोडंल, आपल्याच मालाला भाव येईल."

व्यापारी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. सगळा ओटा हसला. सौदा तिथंच ठरला. मीही हसले, हे मला नीट आठवतं. गुडघा सोलला होता, पण सगळे हसतायत म्हणजे काहीतरी चांगलं झालं असावं असं वाटून मी जमिनीवर बसल्या बसल्या हसले.

इस्कोट म्हणजे नासधूस, पार विचका. त्या दिवसापासून ते माझं नाव झालं.

एखाद्या घरात पोरीला ठमी म्हणतात, बाबी म्हणतात, ती मोठी झाली की नाव गळून पडतं. माझं गळलं नाही, कारण तात्यांनी ते गळू दिलं नाही. पाहुणे आले की ते मुद्दाम मला काहीतरी आणायला पाठवायचे. "जा गं, ताक घेऊन ये," आणि माझी पाठ वळली की पाहुण्यांना डोळा मारायचे. "थांबा, आता गंमत बघा." ते दारातून ऐकू यायचं. मग मी ताकाचा तांब्या दोन्ही हातांनी धरून यायची आणि समोर सात-आठ माणसं माझ्या हाताकडं बघत, ओठ दाबून बसलेली असायची. हात कापणारच. ताक सांडणारच. आणि चुकून नाही सांडलं, तर तात्या गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "आज तब्येत बरी न्हाय वाटतं हिची." त्यावर जास्तच हसायचे लोक.

म्हणजे सांडलं तरी मी, नाही सांडलं तरी मीच.

एकटी असले की माझ्या हातून काही पडत नसे. विहिरीवरून भरलेली कळशी मी थेंब न सांडता घरी आणायची. ते बघायला कुणी नसायचं. दारात तात्यांची चप्पल दिसली की माझी बोटं गार पडायची. पुढं पुढं चप्पल दिसायचीही गरज उरली नाही. कुणी मोठं माणूस माझ्याकडं नुसतं बघायला लागलं तरी मला वाटायचं, हा आता वाट बघतोय.

नाव शाळेत गेलं. तात्या शाळेच्या कमिटीत होते, गुरुजींना त्यांचे विनोद आवडायचे. हजेरी घेताना गुरुजी माझ्या नावापाशी थांबायचे आणि म्हणायचे, "इस्कोट आलाय का?" वर्ग हसायचा. माझं खरं नाव पुकारलं की मला दचकायला व्हायचं, कारण ते फक्त रागावतानाच पुकारलं जायचं.

आईला मी एकदा सांगितलं होतं, तात्यांना सांग ना मला तसं म्हणू नका म्हणून. ती भाकरी थापत होती. "बाय, मनाला लावून घिऊ नगंस," ती म्हणाली. "कवतिकानं म्हनत्यात. तू गप ऱ्हायचं. आपन गप ऱ्हायलं की मान्सं दमत्यात."

माणसं दमली नाहीत. गप राहायची सवय मात्र मला लागली.

मी चौदा वर्षांची असताना एक गोष्ट झाली. ती मी आजवर फार कमी लोकांना सांगितलीय.

त्या वर्षी शेजारच्या बागेत गुटी बांधायला एक माणूस आला होता. डाळिंबाच्या फांदीवरची बोटभर रुंद साल गोल काढायची, तिथं मुळं फुटायची पावडर लावायची, ओलं शेवाळ गुंडाळायचं आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी दोऱ्यानं घट्ट बांधायची. दीड-दोन महिन्यांत झाडावरच फांदीला मुळं येतात. मग ती कापून पिशवीत लावली की झालं रोप. शाळा सुटल्यावर मी बांधाच्या अलीकडं बसून तीन दिवस त्याचे हात बघत होते. जाताना त्याच्या पावडरीचा डबा तळाशी थोडा उरला होता. मी मागितला. त्यानं दिला, आणि "साल काढताना आतल्या लाकडावरचं हिरवं खरवडून काढायचं, ते ऱ्हायलं तर मुळी फुटत न्हाय," एवढं सांगितलं. माझं नाव विचारलं नाही, हसलाही नाही.

आमच्या बागेच्या खालच्या कोपऱ्यात, ओढ्याकडं, तात्या फारसे जात नसत. तिथल्या दोन झाडांवर मी अकरा गुट्या बांधल्या. आईनं एकदा मला तिथं चिखलानं माखलेल्या हातांनी बसलेलं पाहिलं. दुसऱ्या दिवशी तिनं न सांगता माझ्या दप्तराशेजारी दोऱ्याचं रीळ ठेवलं. तिला माहीत होतं, हे ध्यानात ठेवा.

रोज संध्याकाळी मी जाऊन बघायची. प्लॅस्टिकच्या आत आधी काहीच नसायचं. मग एके दिवशी शेवाळातून पांढरी, केसासारखी मुळं दिसली. अकरातल्या नऊ गुट्या जगल्या होत्या. मी त्या झाडाखाली एकटीच बसले. मला नाचावंसं वाटलं नाही की ओरडावंसं वाटलं नाही. फक्त हात पुढं धरून बघितले. अजिबात कापत नव्हते.

चार-पाच दिवसांनी तात्या दोन माणसांना बाग दाखवत खालपर्यंत गेले. त्यातला एक शेतीखात्यातला साहेब होता. मी घरातून बघत होते. साहेब वाकून गुटी बघत होता, हात लावत होता. मग त्यानं तात्यांच्या खांद्यावर थाप मारली. तिघं घराकडं आले. तात्या ओट्यावरूनच ओरडले, "खालच्या बागंत गुटी कुनी बांधलीया रं?"

मी दारात होते. आई चुलीपाशी होती. माझा भाऊ, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, ओट्याच्या कडेला बसून सायकलची चेन बसवत होता. 

बोलायचं माझ्या मनात आलं. जीभ उचललीही. पण ओट्यावर तीन माणसं बसली होती, तिघंही दाराकडं बघत होते, आणि तात्यांच्या ओठांचा एक कोपरा उचललेला होता. मला वाटलं, मी 'मी' म्हटलं की पुढचं वाक्य तयार आहे. ते काय असेल एवढंच ठाऊक नव्हतं. मी गप राहिले.

साहेब म्हणाला, "ज्यानं बांधली त्याचा हात चांगला आहे. शिकवा त्याला."

तात्यांनी भावाकडं बघितलं. "तू व्हय रं?"

भावानं मान खाली घातली आणि हसला. तो हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. तेवढं पुरलं. तात्यांनी त्याला जवळ ओढलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "माझा वाघ हाय," ते साहेबांना म्हणाले. "बोलत न्हाय, करून दावतुय."

मी आईकडं बघितलं. ती चुलीत फुंकर घालत राहिली.

आठवडाभर गावात तेच. तात्यांनी डेअरीवर, सोसायटीत, देवळात, जिथं जातील तिथं सांगितलं. त्यांना असं कौतुक करता येतं हे मला तेव्हा कळलं. आवाज बदलायचा, छाती पुढं यायची, शब्द मऊ व्हायचे. मी ते कान देऊन ऐकायची. ते शब्द माझे होते आणि ते माझ्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला मिळत होते, तरी ऐकायला गोड लागत होते. स्वतःचा एवढा राग मला पुन्हा कधी आला नाही.

शेवटी मी धीर केला. तात्या गोठ्यात एकटे होते. वैरण टाकत होते. मी मागं उभी राहून म्हणाले, "तात्या, त्या गुट्या मी बांधल्यात."

ते वळले. मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"तू?" ते म्हणाले. "मग जगल्या कशा?"

आणि हसले. गोठ्यात मी, ते आणि दोन म्हशी होत्या. ते म्हशींसाठी हसले. संध्याकाळी डेअरीवर त्यांनी ते सगळ्यांना सांगितलं, कारण वाक्य चांगलं जमलं होतं. मी दुधाची किटली घेऊन मागंच उभी होते.

भावानं पुढच्या वर्षी गुटी बांधून बघितली. एकही जगली नाही. तात्या म्हणाले, हवा खराब होती.

पुढचं सगळं सांगत बसत नाही. बारामतीला कृषी पदविकेला गेले. लेखी परीक्षेत मार्क चांगले पडायचे. तोंडी परीक्षेत एकदा परीक्षकांनी कलमांचे प्रकार विचारले. माझं सगळं पाठ होतं, नुसतं पाठ नाही, हातानं केलेलं होतं. मी सुरुवात केली. परीक्षक चांगला माणूस असावा, मला धीर यावा म्हणून तो थोडंसं हसला. त्याचं हसू दिसलं आणि माझं तोंड मिटलं ते उघडलंच नाही. तो दोनदा म्हणाला, "बोला, बोला, येतंय तुम्हाला." मी टेबलाकडं बघत उभी राहिले. त्यानं नाइलाजानं पास होण्यापुरते मार्क दिले. बाहेर आल्यावर मैत्रिणीनं विचारलं, काय झालं? मी म्हणाले, इस्कोट झाला. तीही हसली. नाव मी स्वतःच तिथं घेऊन गेले होते.

लग्न होऊन कळंबला आले. लग्नाच्या जेवणात तात्या जावयाच्या माणसांपुढं उभे राहून म्हणाले, "काचंचं एक बी भांडं दिलं न्हाय बरं का पाहुनं. मुद्दाम न्हाय दिलं. आठ दिसांत कळंल कारन." मांडव हसला. मी हळदीच्या साडीत खाली मान घालून बसले होते, आणि नववधूनं खाली मान घालायचीच असते म्हणून कुणाला काही दिसलं नाही.

सासूबाई तोंडाच्या गोड नव्हत्या. दिवसाला मोजून दहा वाक्यं बोलायच्या आणि ती सगळी कामाची. "हे झालं. ते ऱ्हायलं. मीठ जास्त पडलंय." त्यांनी मला उभ्या आयुष्यात शाबास म्हटलं नाही. पण मी ताट घेऊन आले की त्या ताटाकडं बघायच्या, माझ्याकडं नाही. पहिल्या महिन्यात माझ्या हातून दुधाचं पातेलं सांडलं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. त्या म्हणाल्या, "फडकं घे," आणि स्वतः दुसरं फडकं घेऊन पुसायला बसल्या. पुसून झालं. संपलं. संध्याकाळी त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी चार दिवस वाट बघत होते.

कोरड्या बोलण्याला लोक नावं ठेवतात. माझ्यापुरतं सांगते, त्या बाईच्या कोरड्या बोलण्यावर मी उभी राहिले. तिसऱ्या वर्षी नवऱ्याला म्हणाले, उसाच्या कडेला दहा गुंठे द्या, रोपवाटिका काढते. त्यानं आईकडं बघितलं. सासूबाई म्हणाल्या, "पानी हाय. काढू दे." आज डाळिंबाची, पेरूची रोपं न्यायला लांबून लोक येतात. अजूनही कुणी शेजारी उभं राहून हाताकडं बघायला लागलं की मी चाकू खाली ठेवते आणि काहीतरी निमित्त काढून त्याला दुसरीकडं पाठवते. हे गेलं नाही. जाणार नाही आता.

मला एक मुलगी आहे. ती सात वर्षांची असताना रोपांचा ट्रे उचलायला गेली आणि तिच्या हातून पडला. पेरूची शंभरेक रोपं मातीत. आणि माझ्या तोंडात तो शब्द आला. मी शोधला नाही, तो जिभेवर तयारच होता, धारेसकट. मी दात दाबून तिथून निघाले आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीमागं जाऊन उभी राहिले. परत आले तेव्हा ती एकटीच माती गोळा करत होती. मी तिच्याशेजारी बसले. बोलले काहीच नाही, कारण काही बोलले असते तर काय बाहेर पडलं असतं त्याची मला खात्री नव्हती.

ती नऊ वर्षांची झाली त्या वर्षी तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, बारामतीला. आई भावाकडं पुण्याला होती, वहिनीचं बाळंतपण होतं. डॉक्टरांनी आठ दिवसांनी परत दाखवायला सांगितलं, म्हणून तात्या आमच्याकडं कळंबला राहायला आले. काळा चष्मा घातलेले, वाळलेले. पहिले तीन दिवस बरे गेले. मी वेळेवर डोळ्यांत थेंब घालायची, ते गप पडून राहायचे. 

चौथ्या दिवशी त्यांना बरं वाटायला लागलं. सकाळी ते रोपवाटिकेच्या शेडमध्ये खुर्ची टाकून बसले. भवानीनगरकडची पाच-सहा गिऱ्हाइकं आली होती. तात्यांना माणसं मिळाली. दहा मिनिटांत शेड हसायला लागलं. मी पलीकडं पाणी देत होते.

माझी मुलगी गिऱ्हाइकाला रोपं मोजून देत होती. हे काम तिला आवडायचं, मोठ्यांदा मोजायची. चाळीसनंतर तिचं चुकलं, ती परत पहिल्यापासून मोजायला लागली. तात्यांचा आवाज आला, "अहो तुमी पन्नास मागा, ही तीस दील न्हायतर सत्तर दील. आमचा इस्कोट नंबर दोन हाय ह्यो. एक नंबर तिकडं पानी सोडतुय."

माणसं हसली. मी पाइप हातात धरून बघत राहिले. माझ्या मुलीनं आधी तात्यांकडं बघितलं, मग एकेका माणसाच्या तोंडाकडं. आणि मग ती हसली. सगळ्यांएवढंच, सगळ्यांसारखं.

त्या दिवशी मी काही बोलले नाही. भित्री होते म्हणून बोलले नाही, दुसरं कारण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला म्हटलं, चल, पिशव्या भरू. ती हात मागं घेऊन म्हणाली, "मी नको आई. माझ्याकडून इस्कोट होईल." आणि पुन्हा तसंच हसली.

मी हात धुतले. शेडमध्ये गेले. तात्या बसले होते, शेजारी आमचे दोन गडी आणि एक गिऱ्हाईक होतं. एकांतात बोलायला हवं होतं, असं नंतर मला सगळ्यांनी सांगितलं. ते माझ्याशी कधी एकांतात बोलले होते?

"तात्या," मी म्हणाले, "माझ्या पोरीला ते नाव पुन्हा घ्यायचं न्हाय."

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. "कुठलं गं?"

"तुमाला म्हाईत हाय कुठलं."

"अगं, चेष्टा केली. पोरगी हसली की."

"मी पण हसले होते. सहा वर्षांची होते. गुडघ्यातनं रक्त येत होतं."

गडी उठून बाहेर गेले. गिऱ्हाईक तिथंच राहिलं, त्याला उठावं की नाही कळेना. तात्यांनी चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लालभडक होता.

"कवा मारलं का तुला मी?" ते म्हणाले. "माझ्या बापानं मला बैलाच्या वादीनं फोडलाय. पाठ बघ माझी. तुझ्या अंगाला बोट तरी लावलं का?"

"न्हाय लावलं. मारलं असतं तर लोक हसले नसते."

"वाढवलं, शिकवलं, चांगल्या घरी दिली—"

"आणि मांडवात उभं राहून सांगितलं की हिच्या हातात भांडं टिकत न्हाय. पस्तीस वर्षांची झाले मी तात्या. आजपण माझ्या हाताकडं कुनी बघितलं की काम सोडून द्यावं लागतं. ही चूक माझी न्हाय. तुमची हाय. तुमच्या चेष्टेवर गाव जेवलं आणि मी उपाशी राहिले. हिला न्हाय ठेवायची मला उपाशी."

ते माझ्याकडं बघत होते. मला वाटलं होतं आता ते काहीतरी जोरदार बोलतील आणि ते गिऱ्हाईक हसेल आणि मी पुन्हा चौदा वर्षांची होईन. पण त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "घरात ठिवून बापाचा पानउतारा करतीस व्हय. बरं हाय."

ते उठले. आत जाऊन पिशवी भरली. मी अडवलं नाही. खरं सांगायचं तर, ते काळा चष्मा घालून, हातात पिशवी घेऊन उन्हात एसटीच्या थांब्याकडं चालत निघाले तेव्हा मला बरं वाटत होतं. पाठ ताठ झाली होती माझी. नवरा मोटारसायकल घेऊन त्यांच्या मागं गेला, त्यानं त्यांना बारामतीला त्यांच्या मावसभावाकडं नेऊन सोडलं. येऊन मला एवढंच म्हणाला, "थेंबाची बाटली विसरली होती, देऊन आलो."

मग फोन सुरू झाले. गावात बातमी अशी गेली की डोळ्याचं ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्याला लेकीनं घराबाहेर काढलं. तात्यांनी ती तशी सांगितली का, मला माहीत नाही. सांगितली असेल तर चांगलीच सांगितली असणार. आई रडली आणि म्हणाली, "एवढी वर्सं गप ऱ्हायलीस, आनखी चार वर्सं ऱ्हायचं हुतंस." मी तिला म्हणाले, दोऱ्याचं रीळ आठवतं का तुला? तिनं फोन ठेवला. तिला आठवत होतं.

भाऊ तावातावानं बोलला. एवढ्याशा शब्दावरून, म्हणाला. मी त्याला म्हणाले, "त्या नऊ गुट्या कुणाच्या होत्या ते आधी तात्यांना सांग, मग मला शिकव."

"कसल्या गुट्या?" तो म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी ज्यावरून वीस वर्षं दात खाल्ले, ते त्याच्या आयुष्यातून केव्हाच निघून गेलं होतं. त्यानंतर आम्ही दिवाळीला बोलतो, तेवढंच.

मुलगी आठवडाभर माझ्याशी घुश्शातच होती. तिला आजोबा आवडायचे. ते गेले ते माझ्यामुळं, हे तिला दिसलं होतं. एकदा तिनं विचारलं, "तू त्यांना सगळ्यांसमोर का बोललीस?" मी म्हणाले, "ते तुला सगळ्यांसमोर बोलले म्हणून." तिनं विचार केला आणि म्हणाली, "मग दोघं सारखेच." मी तिची वेणी घालायला घेतली.

वर्षभर तात्या माझ्या दारात आले नाहीत, मीही गेले नाही. लग्नांत गाठ पडायची. मी मांडवात शिरले की ते बोलायचे थांबायचे. शेजारची माणसं माझ्याकडं रागानं बघायची, रंगात आलेला खेळ कुणी बंद पाडावा तशी. एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली, "तुज्यापायी तात्याचं हसनं गेलं बघ." मी म्हणाले, "जाऊ दे."

मग एका रविवारी दुपारी त्यांचा फोन आला. माझ्यासाठी नव्हे. "पोरीला दे." मी दिला, पण स्पीकर लावून दिला आणि तिथंच भाजी चिरत बसले. त्यांनी तिला पूर्ण नावानं हाक मारली, एखाद्या सरकारी कागदावर असतं तशी. जेवलीस का, विचारलं. शाळा हाय का, विचारलं. हशा नाही म्हटल्यावर त्या माणसाकडं बोलायला काही उरत नव्हतं. दोन मिनिटांत फोन संपला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. तेव्हापासून दर रविवारी येतो, आणि दर रविवारी मी स्पीकर लावते. त्यांना ते माहीत आहे. माझा त्यांच्यावर विश्वास नाही आणि मी तसं दाखवायचं सोडत नाही.

मागच्या महिन्यात तिच्या शाळेत पळण्याची शर्यत होती. ती शेवटची आली. वर अर्ध्यात चप्पल तुटली आणि ती पडलीही. मला वाटलं ती आजोबांना सांगणार नाही. तिनं सांगितलं. "आजोबा, मी शेवटची आले. पडले पण."

पलीकडून काही आवाज आला नाही. मी विळी सोडून उभी राहिले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता. एवढं आयतं वाक्य त्यांच्यासमोर येऊन पडलं होतं. मी फोनच्या दिशेनं हात केला.

"लागलं का गं?" ते म्हणाले.

"गुडघ्याला."

"हळद लाव. आन् चप्पल घालून पळू नगं, बूट घे म्हन आईला." पुढं म्हणाले, "पुरं पळलीस का पडल्यावर?"

"हो."

"मग बरं केलंस."

तिनं फोन ठेवला आणि बाहेर खेळायला पळाली. मी उभीच होते. मला रडू यायला हवं होतं, निदान बरं वाटायला हवं होतं. मला एवढा राग आला की मी ओट्याची कड धरून राहिले. म्हणजे येत होतं त्यांना. चार-दोन शब्द लागतात, आणि ते सगळे त्यांच्याकडं होते.

संध्याकाळी तिला घेऊन जवळच्या जंक्शन गावच्या बाजारात गेले आणि बूट आणले.